घरबसल्या ट्रॅव्हल एजंट, पण नेटवर्क मार्केटिंगमधून: बडोद्यातले लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी मांजलपूरला घरूनच तिकिटं आणि टूर बुक करते, सोळा वर्षं झाली. मधले चौदा महिने एका नेटवर्कवाल्या कंपनीत पण होते, त्याचं खाली सांगितलंय. दर दिवाळी वेकेशनच्या आधी आणि दर एप्रिलमध्ये मला तेच तेच मेसेज येतात, "काकू, ट्रॅव्हलचा एक प्लॅन आलाय, घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकलं. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि तशीही नावं दर दोन वर्षांनी बदलतात, प्लॅन तोच असतो.

१. घरबसल्या ट्रॅव्हल एजंट म्हणजे नक्की करायचं काय असतं?

लोकांसाठी तिकीट, हॉटेल, गाडी, टूर, व्हिसाचे कागद हे सगळं जुळवून द्यायचं आणि त्यातलं मार्जिन किंवा सर्व्हिस चार्ज घ्यायचा, बस. फोन, लॅपटॉप आणि भरपूर पेशन्स लागतो. ऐकायला सोपं आहे पण एका दिवसाचं सांगते. दांडिया बाजारातल्या एका मावशींचं दुबईचं तिकीट होतं, त्यांनी फोनवर नाव सांगितलं ते लग्नानंतरचं, आडनावासकट, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना चक्क रिकामा, सगळं नाव एकाच ओळीत. मी पासपोर्ट न बघता तिकीट काढलं. बदलून घ्यायला साडेतीन हजार गेले, माझ्या खिशातून, कारण चूक माझी होती. तेव्हापासून पासपोर्टचा फोटो आल्याशिवाय मी दरसुद्धा सांगत नाही. कुठल्या सेमिनारमध्ये हे शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही.

२. मग यात नेटवर्क मार्केटिंग कुठून आलं?

साधा सब-एजंट मोठ्या एजन्सीच्या किंवा बीटूबी पोर्टलच्या (फक्त एजंटांसाठी असलेली बुकिंगची साईट) आयडीवर बुकिंग करतो आणि बुकिंगवर पैसे मिळवतो. नेटवर्कवाली कंपनी तुम्हाला एक रेडिमेड वेबसाईट किंवा ॲप देते, त्यासाठी सुरुवातीला पॅकेज घ्यायला लावते, कधी दर महिन्याला फी पण, आणि सांगते की बुकिंगवर तर मिळेलच पण तुम्ही जे लोक जॉईन कराल त्यांच्यावर मिळेल, आणि ते जे जॉईन करतील त्यांच्यावरही. तिकीट विकणं आणि "तिकीट विकायची संधी" विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत. दुसऱ्यात गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच.

३. कंपनी रजिस्टर्ड आहे, जीएसटी नंबर पण दाखवला, म्हणजे लीगल झालं ना?

नाही. कंपनी रजिस्टर करणं म्हणजे फक्त कंपनी जन्माला आली याचा दाखला, तिचा प्लॅन कुणी तपासून पास केला असा त्याचा अर्थ होत नाही. जीएसटी नंबर तर सेव उसळवाल्याकडेही असतो.

डायरेक्ट सेलिंग, म्हणजे दुकानाशिवाय माणसांच्या नेटवर्कमधून विकणं, आपल्याकडे बेकायदेशीर नाहीये हे आधी लक्षात घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आले, त्यात वस्तू आणि सेवा दोन्ही येतात म्हणजे ट्रॅव्हलही आलं. त्या नियमांत पिरॅमिड स्कीम (जिच्यात पैसा माल विकून नाही, माणसं जॉईन करून मिळतो ती) चालवणं, तिच्यात लोकांना घेणं आणि भाग घेणं हे सरळ मना आहे. त्याआधी २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पण स्पष्ट होतं की जॉईन व्हायला एन्ट्री फी, रजिस्ट्रेशन फी, डेमोच्या सामानाचे पैसे असलं काही घ्यायचं नाही. आणि सगळ्यात जुना तो १९७८ चा मनी सर्क्युलेशन स्कीमवर बंदी घालणारा कायदा, तो अजून आहे. म्हणून आता "जॉईनिंग फी" कुणी म्हणत नाही, "ट्रेनिंग किट", "सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेशन", "हॉलिडे मेंबरशिप" म्हणतात. बारसं नवीन, बाळ तेच.

४. चांगला प्लॅन आणि गंडवणारा प्लॅन ओळखायचा कसा?

माझी एकच पद्धत आहे. त्यांचं पेआउटचं कोष्टक कागदावर उतरवा आणि "टीम", "रेफरल", "पेअर मॅचिंग", "लीडरशिप बोनस" हे सगळे रकाने पेनाने काट मारून खोडा. आता उरलं काय ते बघा. तुमच्या हाताखाली आयुष्यात एकही माणूस आला नाही तर नुसत्या बुकिंगवर महिन्याला किती सुटेल, आणि त्यातून त्यांची फी वजा केल्यावर काही राहतं का? राहत असेल तर पुढे बोलू. बहुतेक वेळा कागदावर एकच ओळ उरते आणि तिच्यापुढे आकडाच लिहिलेला नसतो, "ॲज पर सप्लायर" असं काहीतरी असतं.

मग त्यांच्याच साईटवर एक खरं बुकिंग टाकून बघा. बडोदा ते दिल्ली, पुढच्या महिन्याची तारीख, तेच विमान, आणि बाजूला एअरलाईनची स्वतःची साईट उघडा. मी हे तीन कंपन्यांबरोबर केलंय, तिन्ही वेळा मेंबरचा "होलसेल रेट" एअरलाईनपेक्षा महाग निघाला, एकदा तर चारशे रुपयांनी. जे स्वतःला स्वस्त पडत नाही ते तुम्ही शेजारच्या पटेलबेनला कसं विकणार.

५. "फक्त सहा जण आणायचे, बाकी आपोआप होतं" असं सांगतात. खरंच फक्त सहाच ना?

व्हाइटबोर्डवर गोल काढतात ना, मधे तुम्ही, बाजूला सहा, त्यांच्या बाजूला सहा-सहा. मला कोणी गोल काढायला लागलं की मी कॅल्क्युलेटर काढते. ६, ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६ आणि आठव्या पायरीवर १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेत बडोदा शहराची लोकसंख्या होती साधारण १६ लाख ७० हजार. म्हणजे आठव्या पायरीवर पाळण्यातल्या पोरांपासून ते काठी टेकत कमाटीबागेत येणाऱ्या आजोबांपर्यंत सगळं बडोदं ट्रॅव्हल एजंट झालेलं असणार, आणि वरच्या सात पायऱ्यांचे लोक तर त्यात धरलेच नाहीत. मग तिकीट काढणार कोण? आणि त्या शेवटच्या सोळा लाखांनी आपले सहा-सहा कुठून आणायचे, आणंदहून?

"पण आपण तर वरच आहोत, सुरुवातीला जॉईन होतोय" हे प्रत्येकाला सांगितलेलं असतं. मला पण.

६. तुम्ही स्वतः केलं होतं ना? किती मिळाले?

केलं होतं, लपवायचं काय त्यात. माझ्या जावेच्या माहेरचे एक जण होते, सयाजीगंजच्या एका हॉटेलात रविवारी सकाळी घेऊन गेले, आत एसी, स्टेजवर सूट घातलेले पोरं, अर्धं हिंदी अर्धं गुजराती भाषण, पडद्यावर एका बाईचा बुर्ज खलिफासमोरचा फोटो आणि खाली लिहिलेलं "होममेकर टू डायमंड". शेवटी सगळे उभे राहून टाळ्या. मी आधीपासूनच तिकिटं काढत होते त्यामुळे मला वाटलं आपल्याला तर हे सोपंच आहे.

पॅकेज १८,००० आणि महिन्याला ९०० साईटचे. चौदा महिन्यांत साईटचे १२,६०० गेले, दोन "कन्व्हेन्शन"ला अहमदाबादला गेले त्याचे प्रवास-तिकीट धरून ४,४०० गेले. एकूण ३५,०००. आले किती? बुकिंगवर ५,१५० आणि तीन बायकांना जॉईन केलं त्याचे ७,५००. आता ते साडेसात हजार म्हणजे काय, तर त्या तिघींच्या ५४,००० मधलाच एक तुकडा माझ्याकडे फिरून आला होता. त्यात एकही प्रवासी नव्हता, एकही विमान उडालं नव्हतं. हे मला अकराव्या महिन्यात कळलं, आणि तरी पुढचे तीन महिने मी गप्प बसले कारण लाज वाटत होती. तिघींपैकी एक अजून हळदी-कुंकवाला आली की माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते.

७. अमेरिकेत तर हे मॉडेल खूप चालतं म्हणे?

घरून काम करणारे ट्रॅव्हल एजंट तिथे खरंच खूप आहेत, मोठ्या होस्ट एजन्सीखाली काम करतात आणि कमिशन वाटून घेतात, त्यात काही वावगं नाही. नेटवर्कवाल्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे. वायटीबी म्हणून एक मोठी कंपनी होती, सुरुवातीला सुमारे ४५० डॉलर आणि मग दर महिन्याला सुमारे ५० डॉलर साईटचे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी तिच्यावर पिरॅमिड असल्याचा दावा लावला. त्या दाव्यात म्हटलं होतं की २००७ मध्ये ज्यांना ट्रॅव्हल कमिशन मिळालं (तेही निम्म्याहून कमी लोकांना) त्यांच्यातल्या मधल्या माणसाची वर्षाची कमाई होती ३९ डॉलर, म्हणजे एका महिन्याच्या फीपेक्षा कमी. २००९ मध्ये १० लाख डॉलर भरून त्यांनी तडजोड केली. वर्ल्डव्हेंचर्स नावाची दुसरी, तिला नॉर्वेने २०१४ मध्ये पिरॅमिड ठरवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हा "फॉरेनची कंपनी आहे" हे ऐकून भाळून जाऊ नका.

ज्यांची मुलगी-सून तिकडे आहे त्यांनी अजून एक बघा: डिपेंडंट किंवा स्टुडंट व्हिसावर वर्क परमिशनशिवाय असलं कमिशन कमावणं तिच्या व्हिसालाच गोत्यात आणू शकतं. तिला तुमच्या खाली जॉईन करायच्या आधी तिच्या वकिलाला विचारा, तुमच्या अपलाईनला (ज्याने तुम्हाला जॉईन केलं त्याला) नको.

८. विमानाच्या तिकिटावर कमिशन किती मिळतं?

नुसत्या तिकिटावर जवळजवळ काही नाही. एकेकाळी एजंटला ९ टक्के मिळायचे, मग कमी होत होत २००८ च्या सुमारास मोठ्या एअरलाईन्सनी बेसिक कमिशन बंदच करत आणलं. आता आम्ही सर्व्हिस चार्ज लावतो. मी डोमेस्टिकला दीडशे-दोनशे घेते आणि त्यातही लोक घासाघीस करतात. पैसा आहे तो हॉटेल, गाडी आणि पॅकेजमध्ये. एका कपलच्या दुबईच्या पॅकेजमध्ये मला चार-पाच हजार सुटतात, अष्टविनायकाची टेम्पो ट्रॅव्हलर भरली तर तीनेक हजार, पण त्यासाठी सतरा जणांचे चाळीस फोन होतात आणि एका आजोबांना पुढची सीट हवी असते ती वेगळीच.

सीझन पण बघा. नवरात्रात बडोदं जागचं हलत नाही, सगळे गरब्यात. मग दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) दुकानं बंद आणि अख्खं गाव बाहेर. त्या दिवसांची बुकिंगं ऑगस्टपासून सुरू होतात. जो प्लॅन "दर महिन्याला फिक्स इन्कम" म्हणतो त्याने हा धंदा पाहिलेलाच नाही.

९. रेल्वेची तिकिटं माझ्या स्वतःच्या आयडीवरून काढून देऊन वर थोडे घेतले तर चालतं ना?

अजिबात नाही, आणि हे मी ओरडून सांगते कारण बरेच जण इथेच अडकतात. स्वतःच्या पर्सनल आयडीवरून घरच्यांचं, ओळखीच्यांचं तिकीट काढून दिलं, एक पैसा न घेता, ते ठीक. त्याचा धंदा केला की रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४३ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. "ते खिडकीवरच्या तिकिटांसाठी होतं, ऑनलाईनला लागू नाही" असं काही जण सांगतात, पण जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ई-तिकिटांनाही ते लागू आहे असं म्हटलंय. नेटवर्कवाली कंपनी "रेल्वे पण आहे आपल्याकडे" म्हणाली तर विचारा की तुमच्या नावाने आयआरसीटीसीचा अधिकृत एजंट आयडी मिळणार का. आणि मिळाला तरी एका तिकिटाला स्लीपरला २० आणि एसीला ४० रुपये एवढंच घेता येतं. तत्काळमध्ये तर जुलै २०२५ पासून पहिला अर्धा तास एजंटला बंदच आहे, एसीला १० ते १०.३० आणि नॉन-एसीला ११ ते ११.३०, तोपर्यंत मुंबईच्या गाडीत काय उरतं ते तुम्हाला माहितीच आहे.

१०. ते आयडी कार्ड देतात, म्हणे ते दाखवलं की हॉटेलात डिस्काउंट आणि विमानात अपग्रेड मिळतं?

कंपनीने छापलेलं कार्ड हे कंपनीने छापलेलं कार्ड असतं. खरी मान्यता असते ती आयाटाची, म्हणजे एअरलाईन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आणि तिला बँक गॅरंटी वगैरे लागते. अमेरिकेत एजंटला व्यक्तिगत आयाटान कार्ड मिळतं पण त्याला वर्षाला किमान ५,००० डॉलर कमिशन कमावलेलं दाखवावं लागतं, म्हणजे काम आधी आणि कार्ड नंतर. इथे पैसे भरल्याच्या दिवशी गळ्यात अडकवतात. माझं अजून कपाटात आहे, लॅमिनेशन मात्र छान केलंय.

११. जॉईन झाल्यावर गोव्याचं ३ दिवस २ रात्रीचं फ्री व्हाउचर आहे, ते तर फुकटच झालं ना?

मागची बाजू वाचा, भिंग घेऊन. माझ्यावर लिहिलं होतं: ४५ दिवस आधी रिक्वेस्ट, तीन तारखा द्यायच्या त्यातली कुठली ते ते ठरवणार, शनिवार-रविवार आणि सणवार बंद, फक्त विवाहित जोडपं, जेवण कंपल्सरी आणि त्याचे पैसे वेगळे, "युटिलिटी चार्ज" वेगळा, आणि पोचल्यावर दीड तासाचं प्रेझेंटेशन बघायचं. मी हिशेब केला तर पणजीला तेवढ्याच पैशात मला हव्या त्या तारखेला हॉटेल मिळत होतं, आणि प्रेझेंटेशन नव्हतं.

१२. ट्रॅव्हल इन्शुरन्स, व्हिसा, मुलांना परदेशी नोकरीला पाठवणं, हे पण करता येईल का?

इन्शुरन्स विकायला लायसन्स लागतं. दहावी पास असाल तर पंधरा तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा देऊन पीओएसपी (साध्या पॉलिसी विकायची परवानगी असलेला विक्रेता) होता येतं, साधं आहे, करून घ्या. ते नसताना "कमिशन देतो, ढकल पॉलिसी" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. व्हिसाचे फॉर्म भरून द्यायला हरकत नाही पण "गॅरंटीने व्हिसा" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, तो देणं दूतावासाच्या हातात आहे. आणि नोकरीसाठी माणसं पाठवणं हा वेगळाच विषय: १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली रजिस्ट्रेशन असल्याशिवाय ते करायचंच नाही, "फक्त एक नाव सुचवलं" असं पण नाही.

१३. मिस्टर सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये आहेत, म्हणून माझ्या नावाने घेतलं तर अडचण नाही ना?

अडचण होऊ शकते. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे सरकारी नोकराने घरातल्या कुणी धंदा किंवा कमिशन एजन्सी घेतली तर ऑफिसला कळवायचं असतं, आणि बायकोच्या धंद्यासाठी त्यांनी स्वतः प्रचार करायचा नाही. तुम्ही कळवून काम केलंत तर ठीक. पण मिस्टर जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना प्लॅन दाखवायला लागले की झालं, आणि खरं सांगू का, नेटवर्कवाले त्यांच्या ऑफिसच्या लिस्टवर डोळा ठेवूनच तुमच्याकडे येतात. गुजरात सरकारच्या नोकरीत असतील तर त्यांचे नियम त्यांच्या आस्थापना शाखेत विचारा.

१४. कमिशनवर टॅक्स भरावा लागतो?

हो. वर्षाला एका कंपनीकडून २०,००० च्या वर कमिशन गेलं की २ टक्के टीडीएस कापतात, पॅन दिलं नाही तर २० टक्के. रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवा. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी रजिस्ट्रेशन लागत नाही. परदेशी पॅकेज विकलंत तर गिऱ्हाईकाकडून टीसीएस (विकतानाच गोळा करायचा टॅक्स) गोळा होतो, त्याचा दर बजेटमध्ये बदलत असतो, सीएला विचारून बिल करा. "टीडीएस कापला म्हणजे कंपनी खरी" असं एक नवीन ऐकलंय, त्याचं उत्तर प्रश्न ३ मध्येच आहे.

१५. सख्खी नणंद मागे लागलीये. नाही कसं म्हणू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कायद्यापेक्षाही जास्त. आपली मराठी माणसं बडोद्यात तशी मोजकी, गणपतीत त्याच तोंडांना परत भेटायचं असतं. मी काय करते ते सांगते. प्लॅनवर वाद घालत नाही, कारण त्यांना प्रत्येक शंकेचं उत्तर पाठ करून दिलेलं असतं. मी म्हणते, "ताई, जॉईन होत नाही, पण तुमचं पुढचं तिकीट तुमच्याच साईटवरून काढा आणि मला दाखवा, स्वस्त पडलं तर माझी सगळी तिकिटं तुमच्याकडून." तिला गिऱ्हाईक मिळण्याची संधी दिली, अपमान नाही केला. दहातल्या नऊ जणी पुन्हा विषय काढत नाहीत. दहावीने खरंच स्वस्त काढून दाखवलं तर तिकीट तिच्याकडून घ्या, त्यात काय झालं.

"लोन ॲपवरून घे, दोन महिन्यात फिटेल" असं म्हणाली तर मात्र नणंद असो की सासू, सरळ उठून चहा ठेवायला जा.

१६. पैसे भरून झालेत, आता परत मिळतील का?

किती दिवस झाले त्यावर आहे. २०२१ च्या नियमांत कूलिंग-ऑफ पिरियड द्यायलाच हवा असं आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं. किती दिवस ते तुमच्या करारात लिहिलेलं असतं, तो आधी शोधा. (करारच दिला नाही म्हणता? मग तेही तक्रारीत लिहा.) फोनवर बोलू नका, ईमेल करा, कारण फोनवर ते तुम्हाला पुन्हा एका झूम मीटिंगला बसवतात. कंपनीच्या साईटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असायला हवं, त्याने ४८ कामकाजाच्या तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो.

नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, आणि कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी तुम्ही राहता तिथे म्हणजे बडोद्यातच दावा लावता येतो, दोन वर्षांच्या आत. समोरचा म्हणेल की तुम्ही ग्राहक नाही, धंदेवाले आहात. त्यावर कायद्यात सवलत आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः करायच्या कामासाठी घेतलं असेल तर तुम्ही ग्राहकच. ऑनलाईन फसवून पैसे काढले असतील, लिंकवर, क्यूआरवर, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन, तासाभरात केला तर पैसे मधेच अडकवायची शक्यता असते.

सगळ्या स्क्रीनशॉटांच्या प्रिंट काढून ठेवा. माझं ॲप ज्या दिवशी बंद पडलं त्या दिवशी माझं वॉलेट, माझा पेआउट, माझी टीम, सगळं एका पांढऱ्या स्क्रीनवर "अंडर मेंटेनन्स" झालं होतं.

१७. मी पण चार जणांना आणलंय. माझ्यावर काही येईल का?

येऊ शकतं, उगाच धीर देत नाही. १९७८ च्या कायद्यात चालवणारा तर आहेच पण लोकांना मेंबर करणारा आणि भाग घेणारा पण आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस सहसा वरच्यांकडे बघतात, तुमच्यासारखे बहुतेक वेळा साक्षीदार होतात, पण तुम्ही कळल्यावरही माणसं आणत राहिलात तर मग तसं सांगता येत नाही. आजच थांबा, चौघांना व्हॉट्सॲपवर लिहून कळवा की मी बाहेर पडतेय आणि तुम्हीही कोणाला आणू नका, आणि त्यांच्यावर मिळालेलं कमिशन जमेल तसं परत करा. मी दोघींना केलं, हप्त्याने. तिसरीने घेतलं नाही, म्हणाली तुझे पैसे तुलाच राहू देत. ते मला जास्त लागलं. वकिलाला एकदा कागद दाखवा, हे मी लिहितेय तो सल्ला नाही.

१८. मग कंपनीशिवाय, साधं सुरू करायचं असेल तर?

कुठल्याही चालू एजन्सीकडे किंवा बीटूबी पोर्टलवर पॅन, आधार देऊन सब-एजंट व्हा. वॉलेटमध्ये टाकलेले पैसे तुमचेच राहतात, तिकिटाला वापरले जातात, हा नेटवर्कवाल्या "ॲक्टिव्हेशन"मधला मोठा फरक. सुरुवातीला एकच गोष्ट धरा. बडोद्यात ज्यांची मुलं अमेरिका-कॅनडात आहेत असे आई-वडील प्रत्येक सोसायटीत आहेत, त्यांना व्हीलचेअर, एकाच कनेक्शनची फ्लाईट, अहमदाबादपर्यंत रात्रीची गाडी आणि "पहिल्यांदा इमिग्रेशनला काय विचारतात" हे समजावून सांगणारं माणूस हवं असतं, ते ॲप करत नाही. कोणाला नर्मदा परिक्रमा जमते, कोणाला पावागड-केवडियाची शाळांची ट्रिप. पाहुणे आले की केवडिया होतंच, दोन-अडीच तासात पोचतो, तिथून सुरुवात करा.

विमान कॅन्सल झालं तर रिफंडची जबाबदारी एअरलाईनची असते, तुमच्यामार्फत तिकीट काढलं तरी, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला तेच तुमच्या दारात.

१९. काकू, तुमच्या हाताखाली घ्याल का मला?

माझ्या हाताखाली कोणी नाही, फक्त एक मांजर आहे. पण शिकायचं असेल तर गुरुवारी दुपारी तीननंतर या, घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन. नाव कसं वाचायचं तिथून सुरू करू. लिलो चिवडा आणलात तर चहा मी करते.